लोअरिंग स्प्रिंगनंतर गाडी एका बाजूला वर दिसतेय? पॅड टाकायच्या आधी हे वाच

आधी तुझा प्रश्न थोडक्यात लिहितो म्हणजे बाकीच्यांनाही कळेल. २०१९ ची पेट्रोल स्विफ्ट, ३५ मिमी खाली आणणाऱ्या स्प्रिंगचा सेट टाकलाय, शॉकअप कंपनीचेच ठेवलेत, ९०० किमी गाडी चालली. जमिनीपासून फेंडरच्या कडेपर्यंत टेप लावून मोजलं तर पुढे डावीकडे ६३८, उजवीकडे ६२०, मागे डावीकडे ६३४ आणि उजवीकडे ६३२. बसवणारा म्हणतो "अजून सेटल होईल, नाहीच झाली तर उजवीकडे पुढे पॅड टाकून देतो". पॅड म्हणजे तो कोपरा वर उचलायला स्प्रिंगच्या बैठकीत घालायची चकती. तू विचारतोयस की थांबू, पॅड टाकू की स्प्रिंग परत करू.

भावा, सध्या यातलं काहीच करू नको. मी कोल्हापुरात बावीस वर्षं सस्पेन्शनचंच काम करतोय आणि अशी "एका बाजूला झुकलेली" गाडी महिन्यातून एक-दोन तरी येते. त्यातल्या फार थोड्या गाड्यांत स्प्रिंगचा दोष निघतो, बहुतेक वेळा एकतर मोजण्यात गडबड असते नाहीतर बसवण्यात.

मोजण्यापासून सुरुवात करू, कारण तुझे आकडे नीट बघितलेस तर तेच काहीतरी सांगतायत. पुढे डावी-उजवीत १८ मिमीचा फरक आहे आणि मागे फक्त २ चा. आता गाडीची बॉडी म्हणजे वेल्डिंग केलेली कडक पेटी आहे, ती पुढून १८ मिमी कलंडली तर मागूनही तेवढीच कलंडणार, खाटेची एक बाजू उचलली तर डोक्याकडे उचलली आणि पायाकडे नाही असं होत नाही ना, तसंच. बॉडीत पीळ पडतो तो इतक्या कमी वजनाच्या फरकाने मिमीभर पण नाही. म्हणजे जमीन सपाट असेल आणि चारही फेंडरच्या कडा सारख्या असतील तर पुढचा फरक आणि मागचा फरक जवळजवळ सारखाच यायला पाहिजे. तुझ्यात १६ मिमीचा घोळ आहे आणि तो घोळ सस्पेन्शनमध्ये असूच शकत नाही, तो एकतर तुझ्या पार्किंगच्या फरशीत आहे नाहीतर फेंडरमध्ये.

सोसायटीच्या पार्किंगला पाणी जायला उतार दिलेला असतो हे सगळ्यांना माहीत असतं, पण नुसत्या एकसारख्या उताराने फार बिघडत नाही. बिघडतं ते फरशीत पीळ असेल तर, म्हणजे तीन चाकं एका पातळीत आणि चौथं खड्ड्यात किंवा उंचवट्यावर. डावं पुढचं चाक १५-१६ मिमी खड्ड्यात असेल तर बरोबर तुझ्यासारखे आकडे येतात. अशा खड्ड्याने पुढचा फरक जितका वाढतो तितकाच मागचा कमी होतो, म्हणून पुढच्या आणि मागच्या फरकाची सरासरी काढ, १८ आणि २, म्हणजे १०. गाडीचा खरा कल साधारण १० मिमी, डावी बाजू वर. १८ नाही. आता १० म्हणजे काही नाहीच असं मी म्हणत नाही, पण १८ बघून घाबरून पॅड टाकणं आणि १० बघून शांतपणे कारण शोधणं यात फरक आहे.

फरशी तपासायला गवंड्याची लेव्हल पाइप सगळ्यात भारी, ती पारदर्शक नळी, त्यात पाणी भरायचं, बुडबुडा राहू द्यायचा नाही. चार चाकांच्या जागी खडूने खुणा कर, नळीचं एक टोक एका खुणेवर धर आणि दुसरं बाकीच्या तीन ठिकाणी फिरव, दर वेळी दोन्ही टोकांना फरशीपासून पाण्याची उंची पट्टीने मोजून लिहून घे. दहा मिनिटांचं काम आहे. जिथे फरशी खाली आहे, म्हणजे पाण्याची उंची जास्त येते, तिथे चाकाखाली प्लायचे तुकडे टाकून चारही एका पातळीत आण, २-३ मिमीच्या आत आलं की पुरे. लेझर लेव्हल असेल कोणाकडे तर अजून सोपं, पण नळी खोटं बोलत नाही.

मग फेंडर. फेंडरची कड हा मोजायचा पक्का बिंदू नाही, तो बोल्टवर बसवलेला पत्रा आहे, बोल्टच्या भोकात इकडे तिकडे सरकायला जागा असते, कुठे एकदा ठोकर लागून बदलला असेल तर ४-५ मिमीचा फरक सहज असतो. म्हणून मी दोन ठिकाणी मोजतो. एक, चाकाच्या मध्यापासून सरळ वर फेंडरच्या कडेपर्यंत, त्यामुळे टायरची हवा, टायरची झीज हे हिशोबातून जातं. दुसरं आणि माझ्या मते जास्त महत्त्वाचं, दाराखालची सिलची पट्टी, जिथे जॅक लावायच्या खाचा असतात तिथून जमिनीपर्यंत, चारही खाचा. ती पट्टी बॉडीचाच भाग आहे, ती सरकत नाही (पण कोणीतरी चुकीचा जॅक लावून दाबलेली नाही ना ते बघ). सिल सरळ आणि फेंडर वाकडा दिसत असेल तर ते काम डेंटरचं आहे, माझं नाही.

मोजताना हवा चारही चाकांत कंपनीच्या आकड्याप्रमाणे, डिकी रिकामी, स्टिअरिंग सरळ. आणि गाडीत कोण बसलं होतं का? हे विचारतोय कारण ७० किलोचा माणूस ड्रायव्हर सीटवर बसला की या साइजच्या गाडीत उजवी बाजू ५ ते ७ मिमी खाली जाते. मित्राला मोजायला लावून तू आत बसला असशील तर तुझ्या १० मधला अर्ध्याहून जास्त हिशोब तिथेच संपला. पेट्रोलचं मात्र लोक उगाच मोठं करतात, ३७ लिटरची टाकी पूर्ण भरली तरी २७-२८ किलो, त्याने गाडी मागून थोडी बसते, कल फारसा बदलत नाही. मी अर्धी टाकी आणि रिकामी सीट असं ठरवून ठेवलंय, आणि गिऱ्हाईक नेहमी एकटाच चालवत असेल तर एकदा सीटवर ६०-७० किलोची सिमेंट किंवा वाळूची पोती ठेवून पण मोजतो.

अजून एक चूक जी चांगले चांगले करतात. जॅकवरून गाडी खाली घेतली आणि लगेच टेप लावला. चाक लटकलेलं असताना आत ओढलेलं असतं, खाली टेकताना त्याला बाहेर सरकायचं असतं पण टायर फरशीला धरून बसतो आणि गाडी वरच अडकते, कधीकधी १५-२० मिमी. गाडी दहा-बारा फूट पुढे-मागे ढकल, चारही कोपरे दाबून सोड, मग मोज. जागा नसेल तर पुढच्या प्रत्येक चाकाखाली दोन-दोन फरशीच्या टाइल्स ठेवायच्या, चकचकीत बाजू समोरासमोर आणि मध्ये ग्रीस, चाक आपोआप सरकून जागेवर येतं.

आता समजू की सगळं नीट मोजूनही डावी बाजू १० मिमी वर निघाली. तर पहिला संशय बुशवर.

लोअर आर्मच्या (पुढच्या चाकाला बॉडीशी जोडणारा खालचा दांडा) आतल्या टोकाला आणि मागच्या बीमच्या (मागची दोन्ही चाकं जोडणारा आडवा भाग) पुढच्या टोकाला जे रबरी बुश असतात ते बेअरिंगसारखे फिरत नाहीत. आतली लोखंडी नळी बोल्टने आवळली की ती तिथेच पक्की होते, बाहेरची नळी आर्मबरोबर फिरते आणि मधलं रबर पिळलं जातं. म्हणजे बोल्ट ज्या उंचीला आवळला ती उंची रबर लक्षात ठेवतं आणि गाडीला तिकडेच ढकलत राहतं. बरेच जण ट्रॉली जॅकवर एकेक चाक उचलून काम करतात, चाक लटकत असतानाच बोल्ट आवळून टाकतात. मग रबर गाडीला वर ढकलतं. दोन्ही बाजूंना सारखंच केलं तर दोन्ही बाजू सारख्या वर राहतात आणि गिऱ्हाईक म्हणतो ३५ ची स्प्रिंग आणि गाडी २५ च बसली. एका बाजूचा बोल्ट ढिला केला आणि दुसऱ्या बाजूचा केलाच नाही तर कल येतो. आणि हातच लावला नाही असं असेल तरी ते बुश जुन्या उंचीला आवळलेले आहेत, नवीन उंचीला कायम पिळलेले राहणार, वर्षभरात फाटणार, आवाज करणार.

उपाय साधा आहे पण जागा लागते. गाडी चारही चाकांवर उभी पाहिजे, चार खांबांच्या लिफ्टवर किंवा पिटवर (गाडीखाली उभं राहायचा खड्डा). लोअर आर्मचे आतले बोल्ट आणि मागच्या बीमचे दोन्ही बोल्ट फक्त ढिले करायचे, काढायचे नाहीत. गाडी दोन-चार वेळा दाबायची, थोडी ढकलायची, आणि मग त्याच उंचीवर मॅन्युअलमधल्या टॉर्कला, म्हणजे तिथे दिलेल्या जोराला, आवळायचे. इम्पॅक्ट गनने अंदाजाने नाही. हे करताना जी पिळलेली बाजू असते तिचा बोल्ट सुटला की "टक्" असा आवाज येतो, आर्म डोळ्यांसमोर किंचित फिरतो आणि गाडीचा तो कोपरा हळूच बसतो. ज्याने एकदा पिटमध्ये उभं राहून हे बघितलंय तो परत कधी लटकत्या चाकावर बोल्ट आवळत नाही.

गेल्या पावसाळ्यात एक सेडान आली होती, आधी दुसऱ्या एका गॅरेजमध्ये तीन कोपऱ्यांत पॅड टाकलेले, एकात ८ मिमीचा, दोनात १० चे, आणि तरी गाडी ११ मिमी कललेली. मालक बिचारा चौथा पॅड टाकायचा का म्हणून विचारायला आला होता. मी सगळे पॅड काढले, खाली उभी करून बुश सोडले आणि परत आवळले, कल ४ वर आला. मागची डावी स्प्रिंग काढली तर वरचं रबरी सीट दोन थरांचं निघालं, जुनं सीट वर चिकटून राहिलं होतं आणि नवीन त्याच्यावर बसवलं होतं. ते काढलं आणि गाडी सरळ. स्प्रिंग चारही चांगल्या होत्या.

म्हणजे दुसरा संशय स्प्रिंगच्या बैठकीवर. पुढे स्ट्रटच्या (शॉकअप आणि स्प्रिंग एकत्र असलेला खांब) खालच्या वाटीत एक पायरी असते, स्प्रिंगच्या तारेचं टोक त्या पायरीला जाऊन टेकलं पाहिजे, फार तर ५ मिमीची फट. टोक पायरीवर चढलं किंवा अर्धा इंच मागे फिरलेलं राहिलं की स्प्रिंग तिरकी बसते आणि उंची बदलते. हे चाक काढून टॉर्च मारली तरी दिसतं. वरची रबरी सीट दोन्ही बाजूंची सारखी आहे का, एक नवीन एक चेपलेली असं नाही ना, स्प्रिंग उलटी तर नाही (छापलेली अक्षरं सरळ वाचता आली पाहिजेत), चारही स्प्रिंगवरचे नंबर सेटच्या कागदाशी जुळतात का. मागे या गाडीत स्प्रिंग शॉकअपपासून वेगळी, बीमवर बसते, तिथे वर-खाली दोन्हीकडे रबर असतं, तेही बघ. आणि बम्प स्टॉप, म्हणजे सस्पेन्शन पूर्ण दबलं की टेकतो तो रबरी ठोकळा. लोअरिंग स्प्रिंगबरोबर बम्प स्टॉप किती कापायचा ते कागदावर दिलेलं असतं, एका बाजूचा कापला आणि दुसऱ्या बाजूचा राहिला तर ती बाजू स्प्रिंगवर नाही, बम्प स्टॉपवर उभी असते, वर दिसते आणि खड्ड्यात ठोकते.

"सेटल होईल" हे किती खरं? चांगल्या कंपनीची स्प्रिंग कारखान्यातच पूर्ण दाबून आलेली असते, नंतर जे थोडं बसतं ते जास्त करून रबरी सीट आणि बुश. २००-५०० किमीत जे व्हायचं ते होतं, आणि ते दोन्ही बाजूंना होतं. तुझे ९०० झालेत. आता वाट बघण्यात अर्थ नाही. आणि शॉकअप गेला म्हणून गाडी बसली हे पण कोणी सांगेल, ऐकू नको, वजन स्प्रिंग धरते, शॉकअप फक्त हेलकावे मारतो, गॅसच्या प्रेशरने जो काही आधार मिळतो तो फार थोडा.

आता गंमत बघ, दोष कुठल्या कोपऱ्यात आहे हे नुसतं बघून कळत नाही. समजा फक्त पुढच्या डाव्या कोपऱ्यात स्प्रिंग १० मिमी उंच आहे. तो कोपरा १० ने वर जात नाही, ७-८ ने जातो, शेजारचे दोन कोपरे २-३ मिमी वर येतात आणि तिरका समोरचा, म्हणजे मागचा उजवा, २-३ मिमी खाली जातो. डाव्या-उजव्यातला फरक पुढे पण ५ आणि मागे पण ५. (हे दोन्हीकडच्या स्प्रिंग सारख्या कडक धरून, स्टॅबिलायझर बार, म्हणजे डावं-उजवं चाक जोडून कल रोखणारी सळई, असेल तर अजून थोडं कमी.) तोच ५ मिमीचा कल मागच्या डाव्या कोपऱ्यामुळेही तसाच आला असता. म्हणून "पुढे फरक दिसतोय ना, मग पुढेच पॅड टाक" हे बरोबर नाही. आणि उलट हिशोब कर, तुझा १० मिमीचा कल एकाच कोपऱ्यामुळे असेल तर तिथे जवळजवळ २० मिमीचा घोळ पाहिजे. एवढा घोळ स्प्रिंगच्या बनावटीत नसतो. काहीतरी चुकीचं बसलंय किंवा दोन-तीन छोट्या चुका एकत्र आल्यात.

पुढचं की मागचं ते ओळखायला एक परीक्षा आहे. गाडीचं मागचं टोक मधोमध एकाच जॅकवर उचलायचं, चाकं जरा सुटेपर्यंत. आता मागच्या स्प्रिंगचा संबंध संपला, गाडी पुढच्या दोन स्प्रिंगांवर आणि मधल्या एका टेकूवर उभी आहे. पुढचा कल गेला तर दोष मागे होता, राहिला तर पुढे आहे. पण जॅक फक्त मॅन्युअलमध्ये मधला पॉइंट दाखवला असेल तिथेच लावायचा, बीमच्या पोटाला नाही, बीम वाकला की नवीन दुखणं. आणि दोन्ही बाजूंना घोडी (जॅक स्टँड) लावल्याशिवाय कोणी खाली जायचं नाही. स्टॅबिलायझर बारची परीक्षा सोपी, गाडी चाकांवर उभी असताना एका बाजूची लिंक सोड, गाडीचा कल कमी झाला तर बार किंवा लिंक वाकलेली आहे.

एवढं करूनही कळलं नाही तर शेवटची परीक्षा, ज्या टोकाला दोष आहे तिथल्या डाव्या-उजव्या स्प्रिंगची अदलाबदल. उंच बाजू बदलली तर स्प्रिंगचा दोष, बदली करून घे, पुरावा तुझ्या हातात आहे. बदलली नाही तर दोष गाडीत, मग आर्म, स्ट्रटची बैठक, जुना अपघात हे बघायला लागतं. स्प्रिंगची तार १२ मिमीची असताना एक १२.१ निघाली तरी कडकपणा तीन टक्क्यांनी वाढतो, कारण जाडी चौथ्या घाताने मोजली जाते, त्यामुळे स्वस्त सेटमध्ये जोडी न जुळणं हे होऊ शकतं. पण पुढची स्प्रिंग घरी काढू नको. दाबलेली स्प्रिंग सुटली तर जीव जातो, नीट कॉम्प्रेसर असलेल्या माणसाकडेच जा.

पॅड कधी? वरचं सगळं झालं आणि तरी ६-८ मिमी राहिले तर. ५ मिमीपर्यंत मी हातच लावत नाही, तेवढा फरक शोरूममधून निघालेल्या गाडीतही असतो. पॅड कडक रबराचा किंवा पॉलियुरेथेनचा, आमच्या उद्यमनगरात लेथवाले पाहिजे त्या जाडीचा करून देतात, पण त्याला स्प्रिंगच्या टोकाची खाच पाहिजे, नुसती सपाट चकती नको. वर सांगितलेला हिशोब लक्षात ठेव, एका कोपऱ्यातल्या १० मिमीने कल ५ नेच कमी होतो, म्हणून एका कोपऱ्यात जाड पॅड टाकण्यापेक्षा गाडीची जी बाजू खाली आहे तिथे पुढे आणि मागे दोन्हीकडे पातळ टाकलेला बरा, नाहीतर तिरक्या चाकांवर जास्त वजन येतं आणि पावसात ब्रेक दाबला की गाडी ओढते. मागे स्प्रिंग चाकाच्या सरळ रेषेत नसते, आत किंवा पुढे असते, तिथे ५ चा पॅड चाकाशी ६-७ चं काम करतो. आणि स्प्रिंग कापून उंची जुळवणाऱ्याकडे पाऊल पण टाकू नको, कापलेलं टोक बैठकीत बसत नाही आणि कडकपणा एकाच बाजूला वाढतो.

चाक पूर्ण लटकवून एकदा बघ की मागची स्प्रिंग हाताने हलत नाही ना. छोटी स्प्रिंग आणि लांब शॉकअप असेल तर स्प्रिंग बैठकीतून सुटते, ती वाकडी बसली की कल तर येतोच, पण स्पीडब्रेकरवरून उडालास तर ती निघू पण शकते. तुझ्या गाडीचा मूळ ग्राउंड क्लिअरन्स १६३, त्यातून ३५ गेले की १२८. इंडियन रोड्स काँग्रेस या रस्त्यांची मापं ठरवणाऱ्या संस्थेच्या मापाचा स्पीडब्रेकर १० सेंमी उंच आणि ३.७ मीटर रुंद असतो, त्यावरून तू आरामात जाशील, पण आपल्या गल्लीत लोकांनी टाकलेले त्या मापाचे नसतात, चौघं बसले असतील तर गाडी तिरकी घाल. इन्शुरन्सवाल्याला बदल कळवलास तर बरं, आणि मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ गाडीतल्या बदलांबद्दलच आहे, आरटीओत विचारून घे.

अलाइनमेंट सगळ्यात शेवटी. उंची बदलली की टो आणि कॅम्बर हे चाकांचे दोन्ही कोन बदलतात, आधी करून घेतलीस तर पैसे पाण्यात. आणि हेडलाइट पण, मागचं पुढच्यापेक्षा जास्त खाली गेलं असेल तर प्रकाश समोरच्याच्या डोळ्यात जातो, भिंतीवर बघून सेट करून घे.

तर आता रविवारी लेव्हल पाइप लाव, सिलचे चार आणि चाकाच्या मध्यापासून फेंडरपर्यंतचे चार असे आठ आकडे काढ, गाडी रिकामी ठेवून. मग बसवणाऱ्याला पिटवर गाडी उभी करून बुश सोडून आवळायला सांग आणि परत तेच आठ आकडे घे. दोन्ही वेळचे आकडे मला पाठव, कुठली स्प्रिंग आधी काढून बघायची ते सांगतो.